काकूंचा वेग

संत्र्यांच्या दिवसांत आमच्या ऑफिसातल्या काकू नरखेडहून थैली भरून संत्री आणायच्या. जेवणाच्या सुट्टीत सगळी त्याच सोलायच्या आणि प्रत्येकाच्या हातावर फोडी ठेवायच्या. कुणी मदतीला गेलं की चापट बसायची. त्या वर्षी मात्र त्यांनी प्रत्येकाच्या टेबलावर अख्खं संत्रं ठेवलं. "काकू आळशी झाल्या," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझं टेबल शेजारीच होतं. त्यांचा उजवा हात थरथरताना मी रोज पाहत होते.

आमची संस्था टायपिंगच्या परीक्षा घेते. पास झालेल्यांची प्रमाणपत्रं काकू करायच्या. एक्सेलमध्ये नाव बघायचं, वर्डमध्ये टाइप करायचं. निवृत्ती तोंडावर आली होती, पण साहेबांना हाताचं कळलं असतं तर तेवढीही वाट त्यांनी पाहिली नसती. माणुसकी त्यांच्या भाषणातच असायची.

"मले घरी बसवतीन, तं हात आधी मरतीन वं माहे," काकू म्हणाल्या.

मग मी पायथन या संगणकाच्या भाषेत स्क्रिप्ट लिहिली. काकूंनी एक बटण दाबायचं. एक्सेलमधून नाव उचलणं, वर्डमध्ये भरणं, प्रिंटरला पाठवणं तिचं काम. पहिल्यांदा चालवली तेव्हा प्रमाणपत्रं धडाधड बाहेर पडली. मी खूश. काकूंचा चेहरा पडला.

"जरा हळू चालव वं त्याले. मी काय एवढी भरभर टाइप करत होती? साहेबाले शंका येईन."

खरं होतं. साहेब येता-जाता त्यांच्या स्क्रीनकडे बघायचे. मी नाव एकेक अक्षराने उमटवायला लावलं आणि मधे थांबे घातले. काकू शेजारी बसून सांगत होत्या, "जोडाक्षराले थांबव. अन् आडनावाच्या आधी जास्त थांबव, तिथं मी चष्मा सावरतो."

निवृत्तीपर्यंत त्यांचे हात की-बोर्डवर नुसते टेकलेले असायचे. निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांच्या टायपिंगचं कौतुक केलं. काकूंनी मान ताठ ठेवून ऐकलं. मला रडू आवरेना.

यंदाच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. त्यांच्या जागेवर आलेल्या मुलीने परवा विचारलं, "ताई, हे एवढं हळू काहून चालते? थांबे काढून टाकू का?"

"राहू दे," मी म्हटलं.

स्क्रीनवर कुणाचं तरी नाव उमटत होतं. आडनावाच्या आधी कर्सर थांबला. काकूंनी चष्मा सावरला. मग पुढची अक्षरं आली.