बादली मॅडम

ऑनलाइन वर्ग सुरू झाला की बहुतेक शिक्षक विचारतात, "आवाज येतोय का?" बादली मॅडम विचारायच्या, "बादली भरली का?" त्या स्कूबा डायव्हिंगची थिअरी शिकवत. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरण्याआधी जे समजून घ्यावे लागते ते सगळे, गंगापूर रोडवरच्या आपल्या स्वयंपाकघरात बसून, ओट्यावर उभ्या केलेल्या मोबाइलवरून. वही नसली तरी त्यांना चालत असे. पाण्याने भरलेली बादली मात्र प्रत्येकाच्या शेजारी लागे. टोपणनाव तिथूनच पडले आणि ते त्यांना माहीत होते.

मी त्यांच्याकडे गेलो तो बातमीसाठी. संपादकांनी विषय दिला होता : स्कूबाची थिअरी ऑनलाइन शिकवता येते का? उत्तर हो किंवा नाही, असे हवे होते. मी प्रश्न विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, "काठावर उभं राहून काय विचारता? रविवारी सकाळी बादली घेऊन बसा." मी बसलो. आम्ही पाच जण होतो.

बादलीचा उपयोग असा. पाण्याखाली श्वास कोंडायचा नाही, हा या विद्येचा पहिला नियम. तोंडातली नळी निसटली तरी नाही, घाबरलात तरी नाही. त्यासाठी मॅडम दर वर्गात सगळ्यांना बादलीत तोंड घालायला लावत आणि "आऽऽ" म्हणत सावकाश हवा सोडायला सांगत. पाच घरांतून एकदम गुळण्या केल्यासारखा आवाज येई. मनमाडला रेल्वेत नोकरी करणारी शबाना पहिल्या दिवशी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे बादलीभर पाणी म्हणजे एका माणसाची आंघोळ. वर्ग संपला की हेच वापरणार आहे, आधीच सांगते." मॅडम म्हणाल्या, "वापर. पण आधी त्यात बोल."

श्वास का कोंडायचा नाही, हे त्या वेफर्सच्या पाकिटावरून सांगत. कसाऱ्याला घेतलेले पाकीट घाट चढून इगतपुरीला येईपर्यंत फुगते, कारण वर बाहेरचा दाब कमी होतो. "तुमची फुप्फुसं म्हणजे ते पाकीट. पाण्यात हा घाट पोहण्याच्या तलावाच्या खोलीएवढाच असतो, आणि पाकीट फुगत नाही, फाटतं." हे वाक्य त्या हसून बोलत नसत.

त्यांचा डावा कान गेलेला होता. त्या मूळच्या मखमलाबादकडच्या, फुलांच्या मळ्यातल्या. भावांबरोबर मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकल्या आणि पुढे किनाऱ्यावर जाऊन डायव्हिंग शिकल्या. सुरुवातीच्या काळात एकदा सर्दी असताना कोणाला न सांगता खोल गेल्या आणि कान घालवून वर आल्या. "मला कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. दोघंही शहाणे," असे त्या सांगत. त्यामुळे वर्गात त्या मोबाइलकडे नेहमी उजवा कान करून बसायच्या. पडद्यावर आम्हाला त्यांचा चेहरा कमी आणि कानातली कुडी जास्त दिसे.

वर्गातला सर्वांत हुशार मुलगा म्हणजे ओझरचा संदेश. वडिलांच्या ओळखीने कारखान्यात कंत्राटी कामाला लागला होता, त्याचा राजीनामा देऊन बसला होता. मालवणजवळच्या एका डायव्हिंग केंद्रात दिवाळीनंतर मदतनीस म्हणून त्याला घेणार होते. अट एकच, प्राथमिक प्रमाणपत्र हवे. दाब, खोली, हवेचा हिशेब यावरचे कोणतेही उत्तर त्याला विचारा, ते पाठ असे. लेखी चाचणीत त्याला पैकीच्या पैकी मिळाले. पोहण्यात तर तो आमच्यापेक्षा फार पुढे होता. मॅडम त्याला कधी जास्त प्रश्न विचारत नसत. गरजच वाटत नसे.

थिअरी संपली आणि एका खासगी तरणतलावात सराव सुरू झाला. खोल टोकाला तळाशी आम्ही गुडघ्यांवर बसलो होतो, समोर मॅडम. एकेकाने रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारे तोंडातले उपकरण, बाहेर काढायचे. बारीक बुडबुडे सोडत राहायचे. हाताने ते शोधून परत तोंडात घ्यायचे. बादलीत केलेलेच इथे करायचे होते. शबानाचे झाले. माझे झाले. संदेशने रेग्युलेटर काढला.

बुडबुडे आले नाहीत.

मॅडमनी स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवले. संदेशचे गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. त्याचा हात मागे गेला. नळी खांद्यामागे सरकली होती, ती हाताला लागली नाही. त्याने पुन्हा हात फिरवला. पुन्हा नाही. मग त्याने वर पाहिले. मास्कच्या काचेमागे त्याचे डोळे मोठे झाले आणि त्याने तळाला लाथ मारली.

मॅडमनी त्याच्या जॅकेटचा पट्टा पकडून त्याला खाली ओढले. तो धडपडू लागला. त्याचा पाय माझ्या मास्कला घासून गेला. शबानाने माझा दंड धरला होता. संदेश मॅडमचे बोट न् बोट पट्ट्यावरून सोडवू पाहत होता आणि ओठ अजूनही मिटलेलेच होते. मॅडमनी दुसऱ्या हाताची मूठ वळली आणि बरगड्यांच्या खाली त्याच्या पोटात ठोसा मारला. हवेचा मोठा लोट त्याच्या तोंडातून बाहेर पडला. त्याच क्षणी त्यांनी आपला जादा रेग्युलेटर त्याच्या तोंडात कोंबला. त्याने श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. मग मॅडम त्याला धरून सावकाश वर गेल्या.

वर वेगळाच प्रकार चालला होता. संदेशचे वडील त्या दिवशी पहिल्यांदाच, मुलगा नोकरी सोडून शिकतो तरी काय हे बघायला आले होते. काठावरून त्यांना एवढेच दिसले होते की पोरगा वर येतोय आणि बाई त्याला खाली धरून मारतेय. चपलांसकट ते पाण्यात उतरले होते. जीवरक्षकाने त्यांना कमरेला धरून ठेवले होते.

"जीव घेता का माझ्या पोराचा? तो वर येत व्हता अन् तुम्ही खाली ओढत व्हत्या!"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. "संदेश, छातीत दुखतंय? तोंडाला रक्ताची चव लागतेय?"

"नाही."

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"हेच. आवाज ठीक आहे." मग त्या वडिलांकडे वळल्या. "आता बोला दादा."

"नदीच्या पोराला तुम्ही पाणी शिकवणार? एवढासा व्हता तवापासून गोदावरीत टाकलाय त्याला. दम धर म्हणलं का धरायचा. लय वेळ धरायचा. तोंड उघडायचं नाय, हे मी शिकवलंय."

"तेच केलं त्यानं आज," मॅडम म्हणाल्या. "नदीत तो वरची हवा घेऊन खाली जायचा आणि तेवढीच घेऊन वर यायचा. आज त्यानं खाली, दाबातली हवा छातीत भरून घेतली होती. ती कोंडून वर आला असता तर इथपर्यंत पोचला असता दादा. पण कसा पोचला असता, ते मला तुम्हाला सांगायचं नाही."

मॅडम संदेशला म्हणाल्या, "बादलीत हेच करत होतास ना? दर रविवारी?"

"तोंड घालत होतो."

"आणि आवाज?"

संदेश काठाच्या फरशीकडे बघत म्हणाला, "माइक बंद असायचा मॅडम. बाबा रात्रपाळीहून येऊन झोपलेले असायचे. दोनच खोल्या आहेत. मला वाटलं, तोंड पाण्यात धरता आलं म्हणजे झालं. नियम मला पाठ होता."

"मला उठवायचं ना, येड्या," वडील म्हणाले. एवढेच म्हणाले आणि ओल्या चपला काढून हातात घेऊन उभे राहिले.

बादलीत तोंड घातलेल्या माणसाचे पडद्यावर फक्त डोके दिसते. श्वास सुटतो आहे की कोंडला आहे, हे आवाजावरूनच कळते. मॅडम पाण्यातून बाहेर आल्या, उजव्या कानातले पाणी झटकले आणि म्हणाल्या, "चार जणांचा आवाज मी पाच जणांचा धरला."

त्या आठवड्यात समुद्रावर जायचे ठरले होते. मॅडमनी संदेशला येऊ नको म्हणून सांगितले. तो म्हणाला, "राजीनामा दिलाय मॅडम. ते दुसरा माणूस घेतील." त्या म्हणाल्या, "घेऊ देत." तो म्हणाला, "आत्ता चूक कळली मला, पुन्हा नाही होणार." त्या म्हणाल्या, "कळलं तुला आधीपासूनच होतं." आम्ही चौघे मालवणला गेलो. मालवणच्या केंद्राने दुसरा माणूस घेतला.

बातमीसाठी मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. ठोसा मारलेल्या हाताचे मनगट सुजले होते, त्यावर त्या हळद लावत होत्या. "शिकवता येतं, लिहा. मी शिकवणं बंद करणार नाही. पण विद्यार्थी दिसतोय यावर जाऊ नका. वर्गात कोणीही माइक बंद करायचा नाही, हेही लिहा." संपादकांनी त्यातले पहिले वाक्य ठेवले.

पुढच्या तुकडीच्या पहिल्या रविवारी मी उत्सुकतेपोटी वर्गात डोकावलो. संदेश पहिल्या धड्यापासून परत बसला होता. त्याच्या चौकोनात दोन डोकी होती. शेजारी वडील, रात्रपाळीचे तारवटलेले डोळे, पुढ्यात बादली. मॅडमनी विचारले, "दादा, तुम्ही झोपायचं सोडून कशाला?"

"मी जागा हाय हे त्याला दिसावं म्हणून," ते म्हणाले.

त्या दिवशी मॅडमनी एकेकाला वेगळे बोलावून आवाज ऐकला. संदेशचा दोनदा ऐकला. पुढच्या हंगामात तो मालवणला गेला, आणि हळूहळू स्वतः शिकवण्याइतका तयार झाला.

गेल्या हिवाळ्यात मॅडमचा उजवा कानही मंद झाला. एका रविवारी सगळ्यांनी बादल्यांत तोंडे घातली. मॅडम मोबाइल कानाला लावून बसल्या, गेलेल्या डाव्या कानालाही लावून पाहिला, पुन्हा उजव्या कानाला. मग मुलांना डोकी वर काढायला सांगितली आणि म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही. जो वर्ग मला ऐकू येत नाही, तो मी घेणार नाही." मुलांनी कानाचे यंत्र लावण्याचा सल्ला दिला. त्यांनी लावूनही पाहिले. यंत्रातून माणसाचे बोलणे कळत होते, बुडबुडे कळत नव्हते.

वर्ग आता संदेश घेतो, मालवणहून. त्याच्या पहिल्या वर्गाला त्याने आम्हा जुन्या विद्यार्थ्यांनाही बसवले होते. सगळ्यांचे माइक चालू आहेत का, हे त्याने नाव घेऊन तपासले आणि शबानापासून एकेकाला बादलीत तोंड घालायला सांगितले. शबाना केवळ त्याच्या धाकाने आल्याचे सांगत होती. शेवटच्या चौकोनात गंगापूर रोडवरचे स्वयंपाकघर होते. त्यात मॅडम होत्या, शेजारी निळी बादली. आमच्यापैकी कोणाचा आवाज त्यांना ऐकू आला नसणार. संदेशने हात वर केलेला दिसला, तशा त्या वाकल्या.

संदेश मोबाइलच्या इतका जवळ आला की पडद्यावर फक्त त्याचा कान राहिला. मॅडमच्या बुडबुड्यांचा आवाज स्पष्ट येत होता, सावकाश, न तुटता, श्वास संपेपर्यंत.