फुफींचा ऑगस्ट

"बाई, बाकीचे अकरा महिने मशीनवर चढवा. ऑगस्ट थांबवा." इक्बालभाईंचा फोन आला तेव्हा ऑगस्टच्या प्लेट तयार होत्या. प्लेट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यावरून कागदावर छाप उमटतो. एक अक्षर बदलायचं तरी नवा पत्रा करावा लागतो.

मी वीस वर्षं पुण्यातल्या एका प्रेसमध्ये कॅलेंडरची पानं लावते. इक्बालभाईंची कॅम्पात बेकरी आहे. या वेळी त्यांना प्रत्येक महिन्यात इतिहासातली एक गोष्ट हवी होती. आमच्या मालकांचं मत सोपं होतं. "ऑगस्ट म्हणजे पंधरा. झेंडा टाका, विषय संपला." पण इक्बालभाईंना त्यांच्या जुबेदाफुफी हव्या होत्या. वडिलांची बहीण, आता नव्वदी पार केलेली. बेचाळीसच्या आंदोलनात त्यांनी नानकटाईच्या डब्यातून पत्रकं पोचवली होती. म्हणून मी त्यांचा फोटो क्रांतिदिनाच्या, म्हणजे नऊ तारखेच्या चौकटीत बसवला होता.

"मग अडलं कुठे?" मी फोनवर विचारलं.

"फुफीला प्रूफ दाखवलं. ती म्हणते, तारीख चुकली."

मी त्यांच्या घरी गेले. फुफींनी प्रूफ नाकाजवळ धरलं होतं.

"नऊ तारखेला मी तापानं झोपून होते. डबा नेला तो नंतर, शाळा बंद पडल्यावर."

"कोणत्या तारखेला?"

"मी दहा वर्षांची होते. तारखा मोठी माणसं बघायची."

इक्बालभाई म्हणाले, "फुफी, आम्ही लहानपणापासून नऊच ऐकतोय."

"ऐकलंत तुम्ही. गेले मी होते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खाली पत्रकं, वर नानकटाईचा एकच थर. वाटेत एका गोऱ्या सोल्जरनं डबा उघडायला लावला. एक खाल्ली, मान डोलावली, दुसरी उचलली. "तिसरी घेतली असती तर कागद दिसला असता," फुफी म्हणाल्या. "मी झाकण लावलं आणि म्हटलं, बस. तो हसला आणि गेला."

प्रेसमध्ये परतले. मालक म्हणाले, "तारीखच नाही, तर फोटो टाकणार कुठे?"

"वर. महिन्याच्या नावाशेजारी."

"अख्खा महिना त्यांना देता?"

"आंदोलन नऊला सुरू झालं, पण संपलं नव्हतं. एका चौकटीत कसं मावेल?"

त्यांनी फोटो माझ्याकडे सरकवला. "करा नवी प्लेट. झेंडा पंधरावर राहू दे."

मार्चमध्ये खारी आणायला बेकरीत गेले. भिंतीवर आमचं कॅलेंडर होतं. उघडं पान ऑगस्टचं.

"इक्बालभाई, मार्च चालू आहे."

"फुफी पान बदलू देत नाही. तारीख आम्ही मोबाइलवर बघतो."

तेव्हापासून मी पहिलं प्रूफ ज्याची गोष्ट असेल त्यालाच वाचायला देते. आणि ते प्लेट करायच्या आधी.