टाकून दिलेले तीन गुलाम

चतुर्थीच्या सुट्टीत सासुरवाडीला मी एक चूक केली, आणि ती चांगुलपणा समजून केली. त्यामुळे ती कबूल करायला जास्त जड जातं.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मालवणच्या किनाऱ्यावर ते जन्मभर तांडेल होते. जाळं कुठे टाकायचं आणि होडी कधी मागे फिरवायची, हे त्यांनी ठरवायचं. मध्यंतरी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. आता चालतात, बोलतात, फक्त डावा हात थरथरतो. पण त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेव्हणा, त्यांना होडीवर नेत नाही. घरात त्यांच्यादेखत, ते तिथे नसल्यासारखं बोलतात, ‘बाबांक ह्या झेपाचा नाय.’ त्यांना कोणी सांभाळून घेत नाही अशी एकच जागा उरली होती. गणपतीतल्या दुपारी ओटीवर रंगणारी तीनपत्ती. खेळ चिंचोक्यांवर असतो, तरी मामा त्या चिंचोक्यांसाठी सख्ख्या बहिणीलाही सोडत नाहीत.

त्या दुपारी वडे आणि काळ्या वाटाण्याची आमटी पोटभर खाऊन आम्ही बसलो. मामा सुरुवातीपासून हरत होते. एका डावात बाकीच्यांनी पानं टाकली आणि आम्ही दोघेच उरलो. माझ्या हातात तीन गुलाम होते. तीनपत्तीत याहून मोठी पानं क्वचितच कोणाकडे येतात. मामा मात्र चाल वाढवतच होते. शेवटचे चिंचोके पुढे सरकवताना त्यांचा डावा हात थरथरला. ते बघून मला कसंतरी झालं. मी पानं पालथी टाकली आणि म्हणालो, ‘पॅक.’

‘पळवलंय,’ मामा मेव्हण्याला म्हणाले. ‘बघ रे, हापिसातलो मनिस कसो पळता तो.’ आणि त्यांनी आपली पानं दाखवली. नुसती नव्व्यांची जोडी. तेवढ्यावर त्यांनी मला हुसकावलं होतं, असं त्यांना वाटत होतं. सगळे हसले. मीही हसलो, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आमच्यात जिंकणारा पुढचा डाव वाटतो. मामा पानं गोळा करू लागले, माझी पानं त्यांच्या डाव्या हातातून निसटली आणि सुलटी पडली. तीन गुलाम. मेव्हण्याने ते पाहिले आणि चहाचं बघायला म्हणून तो आत गेला. मामांनी गुलाम एकेक करून उचलले. पत्ते डब्यात भरले आणि म्हणाले, ‘झाला. दुकान बंद.’

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मामांनी माझी काळजी घ्यायला सुरुवात केली. मी नारळ खवायला बसलो, तर सासूबाईंना हाक, ‘त्यांका खोबरा किसूक देव नको गो, बोट कापात.’ पायरी उतरताना, ‘धरा रे कोणीतरी जावयबापूंका.’ जेवताना, ‘भात जरा मऊ वाढ, दात दुखतीत त्यांचे.’ पोरं खिदळत होती. बायको हसून हसून बेजार झाली. शेवटी तिने मला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा मी तिला गुलामांचं सांगितलं. तिचं हसणं थांबलं. ‘मगे बरा करतत बाबा,’ एवढंच म्हणाली.

विसर्जनाला मूर्तीचा पाट उचलायला मी पुढे झालो. शेजारीपाजारी जमले होते. मामा सगळ्यांदेखत शांतपणे म्हणाले, ‘त्यांका ऱ्हवांदे. त्यांका ह्या झेपाचा नाय.’

कोणीतरी हसलं. माझे कान तापले. हे वाक्य ऐकताना माणसाला कसं वाटतं, ते मला तेव्हा कळलं. मामा ते रोज ऐकत होते. आणि मी तर ते तोंडाने न बोलता, पत्ते टाकून त्यांना ऐकवलं होतं.

विसर्जन करून आल्यावर मी पायरीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. आधी खोटंच बोललो, की पानं नीट बघितली नव्हती.

‘तीन गुलाम दिसाक नाय? मगे चष्मो करा,’ मामा म्हणाले. मग त्यांनी समुद्राकडे बोट केलं. ‘होडी भरात इतके बांगडे समोर आसताना मी परत फिरलंय. लोकांनी नावा ठेवली. पण वारो माझ्यापेक्षा मोठो होतो, म्हणान फिरलंय. तुमी कित्याक फिरलात?’

मोठी पानं टाकायची ती समोरच्याकडे त्याहून मोठी आहेत असं वाटलं तर. मी टाकली होती समोरचा माणूस लहान झालाय असं समजून. त्यात त्यांची नव्व्यांची जोडी फुकट गेली. एवढी फसवी चाल त्यांनी धीराने खेळली आणि ती खेळून सरळ हरायचा त्यांचा हक्कही मी हिरावून घेतला.

‘चुकलंय, मामा,’ मी म्हणालो. ‘माका तुमची कीव इली. ती येवची नाय होती. माका माफ करा.’