आवाज येतोय का?

डॉक्टरांच्या एका प्रश्नाचं उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. ‘आवाज येतात का?’ ‘नाही.’ अजिबात न घुटमळता म्हणायचं, म्हणजे गोळी वाढत नाही. मला तर जूनमध्ये पुण्याला हॉस्टेलवर परत जायचं होतं, अर्धवट राहिलेलं इंजिनिअरिंग पुरं करायला. आईची अट एकच होती, आवाज पूर्ण थांबले पाहिजेत. म्हणून ते थांबले होते.

खरं तर एक बाई उरली होती. सरकारी कचेरीत खिडकीमागे बसून ‘उद्या या’ म्हणणाऱ्या बायका असतात ना, तसल्या कंटाळलेल्या सुरात ती सांगायची की तुझ्यानं काही होणार नाही. मी जेवत असले तरी सांगायची.

दर शनिवारी दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये आमचं गाणं असायचं. आम्ही चौघं, सगळे विशीतले, सगळे नसलेले आवाज ऐकू येण्याच्या याच आजारातून उठलेले. वाळूजच्या कंपनीतून रजेवर असलेला एक जण ढोलकी वाजवायचा. पैठणची मुलगी झांजा धरायची. चौथा गातो असं तो स्वतः म्हणायचा, ऐकलेलं कुणी नव्हतं. पेटीवर शाळेतून रिटायर झालेले सर. घरचे लोक भिंतीकडेच्या खुर्च्यांवर, मुलगी बघायला आल्यासारखे चहा धरून बसलेले.

आम्ही वाईट गायचो. गोळ्यांनी जीभ जड व्हायची. आमच्या गवळणी मथुरेच्या बाजारात पोचेपर्यंत दूध नासत असणार. पण मला तो तास फार आवडायचा. ती बाई तेव्हाही गप्प बसायची नाही, पण बाकीच्या तिघांच्या गोंगाटात तिला स्वतःचंच नीट ऐकू येत नसावं.

एका शनिवारी सरांनी कुठल्याशा मंडळाचा माइक आणि स्पीकर आणला. पेटीपुढे माइक ठेवला, फुंकर मारली आणि आमच्याकडे बघून विचारलं, “आवाज येतोय का?”

“नाही, सर,” आम्ही चौघं म्हणालो.

इतक्या दिवसांत आम्ही पहिल्यांदाच एका सुरात, एका तालात काहीतरी म्हटलं होतं. सरांनी वाकून वायर काढली, पुन्हा खोचली. “आता येतोय?”

“नाही, सर.”

सर दुसरी वायर शोधायला लागले. तेवढ्यात ढोलकीवाला म्हणाला, “सर, मला येतो. पयल्यापेक्षा लई कमी झाला, पण येतो.”

“मग वायर ठीक आहे,” सर म्हणाले.

“वायरीतला नाय, सर.”

सर सरळ झाले. थोडा वेळ त्यांनी चष्मा पुसला. “काय म्हणतो?”

“ताल चुकला म्हणतो.”

“ते मीही म्हणतो,” सर म्हणाले.

आम्ही हसलो. खुर्चीवरचा त्याचा मामा हसला नाही. त्याला कंपनीत परत घ्यावं म्हणून मामानं साहेबाकडे शब्द टाकला होता. “म्हंजी आजून बरा नाय झाला तू,” मामा उठून म्हणाला. “आता साहेबाला काय सांगू? ऊठ, चल घरी. इथं हे वाजवून काय व्हायलं?”

तो ढोलकीला गवसणी घालायला लागला. मला इतका राग आला की जूनचं भान राहिलं नाही.

“मलाही येतो,” मी म्हणाले.

झांजवाली म्हणाली, “मला बी.” चौथ्यानं बराच विचार करून सांगितलं की त्याला खरोखर येत नाही, आणि ओशाळून खाली बघितलं.

मामानं आमच्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि पुन्हा खुर्चीवर बसला. “वाजव मग,” तो म्हणाला.

भिंतीकडेच्या खुर्चीवर बसलेल्या आईकडे मी बघितलंच नाही. घरी जाताना स्कूटीवर तिच्या मागं बसून मी पुणं मनातून पुसून टाकत होते. क्रांती चौक मागे पडला. मग तिनं विचारलं, “काय म्हणतो तो आवाज?”

“तुझ्यानं काही होणार नाही म्हणतो.”

“बाईचा हाय का?”

“हो.”

तिनं गाडी कडेला घेतली. मागे न बघता म्हणाली, “माझा हाय का गं?”

तेव्हा मला कळलं, वर्षभर ती घरात इतकं हळू का बोलत होती. मला वाटायचं, डॉक्टरांनी सांगितलं असेल.

“नाही गं आई,” मी म्हणाले. “तुझा नाही. दुसरीच कुणीतरी आहे.”

ती हँडल धरून रडली. मग पदरानं तोंड पुसलं, जूनचं डॉक्टरांना खरं सांगून विचारू म्हणाली आणि गाडी चालू केली. एक रिक्षा आम्हाला घासून गेली. आईनं त्या रिक्षावाल्याच्या सात पिढ्या काढल्या, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.