दाराजवळचा लूम

भिवंडीत, नारपोलीतल्या त्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याच्या भिंतींचं प्लास्टर आम्ही आधी खरवडून काढलं. आत विटा आहेत आणि त्या दिसल्या पाहिजेत, असं आमच्या इंटिरिअर डिझायनर मॅडमचं म्हणणं होतं. विटा निघाल्या, पण एकसारख्या निघाल्या नाहीत. कुठे दगड, कुठे कौलांचे तुकडे, कुठे नुसताच चुना. मग खऱ्या भिंतीवर विटांसारख्या दिसणाऱ्या पातळ टाइल्स चिकटवल्या. छताच्या लोखंडी कैच्यांवरचा गंज पॉलिश पेपरने घासून काढला, प्रायमर मारला आणि वरून गंजासारखा दिसणारा रंग दिला. ही कामं मी करून घेतली. मी साइट सुपरवायझर आहे.

मॅडम मुंबईत असतात आणि आठवड्यातून एकदा येतात. बाकीचे दिवस मी मोबाइल हातात धरून त्यांना भिंती दाखवत फिरते. इमारत आता एका शेठची आहे. शेठ आमच्यातलेच, खाडीकडच्या गावातले. त्यांच्या शेतावर गोदामं उभी राहिली आणि त्यानंतर त्यांनी हा बंद पडलेला कारखाना घेतला. लूमच्या चार रांगा होत्या तिथे आता आठ फ्लॅट आहेत. प्रत्येकात लोखंडी जिना आणि वर झोपायला माळा. मानकोलीच्या गोदामांमधले मॅनेजर इथे राहायला येतील असा हिशेब आहे. रोज कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवण्यापेक्षा हे बरं.

माळा पूर्वीही होता. लूम चालवणारी माणसं शिफ्ट संपली की तिथेच झोपायची. एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा. खाली लूम चालू असायचे. त्या फळ्या आम्ही काढल्या आणि खडूने बेडच्या मापाची खूण केली. खूण करताना मला काहीतरी वाटायला हवं होतं. पाच वर्षांपूर्वी वाटलं असतं. मी टेपचं दुसरं टोक धरायला माणूस बोलावला आणि पुढच्या खोलीत गेले.

माझे वडील याच कारखान्यात फिटर होते. लूम बिघडला की तो चालू करणं त्यांचं काम. एके दिवशी चालत्या लूममधून धोटा उडाला आणि त्यांचा डावा डोळा गेला. धोटा म्हणजे बाण्याचा, कापडातला आडवा, दोरा घेऊन लूमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणारा लाकडी तुकडा. दोन्ही टोकांना लोखंडाची अणी असते. तो मिनिटाला शंभरदा पळतो, आणि कधी कधी वाट सोडून बाहेर येतो. तेव्हा मी चार वर्षांची होते.

त्यानंतर वडील युनियनचं काम करायला लागले. आमच्या घरी पत्रकं यायची, गुलाबी आणि पिवळ्या पातळ कागदावर छापलेली. मी आणि आई त्यांच्या घड्या घालायचो. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं त्या कागदांवरूनच शिकले. ‘धिक्कार’ मला ‘कमळ’च्या आधी लिहिता यायचं. एका पत्रकात सात मागण्या होत्या आणि त्यातली पहिली होती, ‘प्रत्येक लूमला धोट्याची जाळी बसलीच पाहिजे.’ पाहुणे आले की मला स्टुलावर उभं करून ती म्हणायला लावायचे. मी मूठ वर करून म्हणायचे. पुढे कॉलेजात मी स्वतः पत्रकं लिहिली, गेटवर वाटली, दोनदा प्राचार्यांनी बोलावून घेतलं. लिहिताना माझे कान तापायचे.

या नोकरीबद्दल वडील काही बोलले नाहीत. पहिल्या दिवशी फक्त विचारलं, “कंच्या गल्लीत?” मी सांगितलं. ते म्हणाले, “हां.” आणि पुढे जेवले.

सगळे लूम भंगारात गेले होते, एक सोडून. तो दारातून आत आलं की लगेच डाव्या हाताला होता. मॅडम म्हणाल्या, हा इथेच राहू दे, लॉबीचा हीरो आहे हा. आम्ही तो साफ करायला घेतला. त्याच्यावर कापसाचा कचरा आणि तेल मिळून गोधडीसारखा थर बसला होता. दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटीत ताणलेली तारेची जाळी होती, गंजलेली, एका कोपऱ्यात फाटलेली. समोरून एक आडवी सळई गेली होती.

मॅडम मोबाइलवर म्हणाल्या, “अगं, हे खुराड्यासारखं काय लावलंय? मशीन दिसतच नाही.”

“काढू का?”

“काढ ना. विचारतेस काय?”

ग्राइंडरवाल्याने जाळीला हात लावून माझ्याकडे बघितलं. “दीदी, ये भी?”

“हां, ये भी. पूरा साफ दिखना चाहिए.”

ठिणग्या उडाल्या. दुपारी भंगारवाला जाळी घेऊन गेला. मॅडमनी फोटोवर तीन हृदयं पाठवली.

मग शेठना वाटलं, लूम नुसता ठेवण्यात काय मजा? वास्तूच्या दिवशी तो चालला पाहिजे. पाहुण्यांसमोर बटण दाबायचं आणि कापड निघालं पाहिजे. त्यांनी मोटर नवी बसवली, कुठून तरी सुताने भरलेला बीम, म्हणजे मोठा रूळ, आणवला. पण एवढा जुना लूम लावून देणारा माणूस मिळेना. शेठ मला म्हणाले, “तुझा बा फिटर व्हता ना? त्याला सांग, शेठनी बोलवलाय. मान देऊन बोलवलाय म्हनून सांग.”

मी घरी जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं, वडील आता चिडतील. खरं म्हणजे मला ते हवं होतं. आपल्याला जे वाटत नाही ते घरात कुणाला तरी वाटावं, एवढंच. वडिलांना कमी ऐकू येतं, सगळ्याच लूमवाल्यांना येतं, म्हणून मी त्यांच्या उजव्या बाजूला बसून ओठ नीट हलवत बोलले.

त्यांनी विचारलं, “वही भरलेली हाय का सुटी हाय?”

“वही म्हणजे काय?”

“दोरं ववायची चौकट. ऱ्हाव दे. मी बघतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली, पलंगाखालची पान्यांची पिशवी काढली आणि माझ्याबरोबर रिक्षात बसले.

लूमपाशी ते पोचले आणि थांबले. टाइल्स, दिवे, रंग, काहीच बघितलं नाही. एकदा डावीकडून गेले, एकदा उजवीकडून. मग तळहात उभा धरून हवेत एक चौकट काढली आणि भुवया वर केल्या. लूम चालू असताना ही माणसं अशीच बोलतात, आवाजात बोलून उपयोग नसतो म्हणून. लूम बंद होता तरी ते तसंच बोलले.

मला कळलं नाही. मग ते तोंडाने म्हणाले, “जाळी कुठं हाय?”

“कुठली जाळी?”

“याला व्हती. याला एकट्यालाच व्हती. तपासनीचा सायब यायचा ना, तो दारातूनच बघून जायचा. म्हनून दाराजवलच्या लूमला तेवढी बसवली. मी डोला घालवला त्याच्या पुढच्या महिन्यात.”

मी म्हणाले, “मीच काढायला लावली, बाबा. मला वाटलं, कचरा आहे.”

मी स्टुलावर उभी राहून जी शेकडो वेळा मागितली होती, ती वस्तू कधी पाहिलेलीच नव्हती. लहानपणी मला वाटायचं, ती मच्छरदाणीसारखी काहीतरी असेल. पुढे मी काही वाटून घेतलंच नाही, नुसतं म्हणत राहिले. वडिलांनी पिशवी खाली ठेवली, पाना काढला आणि कामाला लागले.

तीन दिवस ते काम करत होते. तारा जोडल्या, चामड्याचे पट्टे बदलले, गुडघ्यावर बसून खालून तेल घातलं. तिसऱ्या दिवशी शेठ आले तेव्हा वडील म्हणाले, “शेठ, जाळी लागल.”

“उद्या शुक्रवार. उद्या कारेक्रम हाय. कवा बनवनार?”

“दोन दिवस पुढं ढकला.”

“भटजी ठरलाय, जेवन ठरलाय. अर्ध्या तासाचा तर सवाल हाय, काका. तुमी पन ना, अजून पत्रकंच वाटताय!” शेठ हसले. त्यात राग नव्हता. मॅडमही हसल्या. मॅडम म्हणाल्या, लोक दोन्ही बाजूंनी उभे राहतील, फोटो काढतील, मध्ये जाळी आली तर सगळाच लुक गेला.

मी तिथेच उभी होते, हातात पडद्यांच्या कापडाचे नमुने घेऊन. बोलायला हवं होतं. काय बोलायचं ते मला शब्दशः पाठ होतं. मी नमुन्यांची गड्डी सरळ केली. वडील एकदा माझ्याकडे बघून शेठना म्हणाले, “बरा. चालवतो.”

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. गल्लीत एवढी शांतता होती की भटजींचा आवाज बाहेर चहाच्या टपरीपर्यंत जात होता. पूजा झाली. लूमला झेंडूचा हार घातला. पन्नासेक माणसं दोन्ही बाजूंना उभी राहिली, पुढच्या रांगेत मुलं, कडेवर मुलं, सगळे मोबाइल वर केलेले. धोटा उडाला असता तर नेमका त्या उंचीवर. मी लॉबीतल्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होते. वडील लूमच्या बाजूला. मी त्यांच्यासारखीच हाताने हवेत चौकट काढून त्यांना दाखवली. त्यांनी बोटं हलवली. मला त्याचा अर्थ लागला नाही.

शेठनी बटण दाबलं.

लूम चालला. खडखडाट असा झाला की एक बाळ रडायला लागलं. फणी पुढे आली, मागे गेली, तारा वर-खाली झाल्या. टाळ्या पडल्या. मी फक्त मधल्या वाटेकडे बघत होते. त्या वाटेवरून काहीच पळत नव्हतं. धोटा नव्हताच. वडिलांनी तो काढला होता, आणि त्याला मारणारा दांडाही सोडवून ठेवला होता. लूम हवेत ठोके घालत होता. सूत होतं तसंच होतं. पन्नास माणसांत कुणाच्या ते लक्षात आलं नाही. भिवंडीतली माणसं, ज्यांच्या घराला वर्षानुवर्षं या आवाजाने हादरे बसले, ती फोटो काढत राहिली.

शेठनी वाकून बघितलं. “काका, कापड कुठं निंगतंय?”

“येल. हलूहलू येतो,” वडील म्हणाले.

अर्ध्या तासाने लूम बंद झाला आणि सगळे जेवायला गेले.

परत येताना रिक्षात मी वडिलांना विचारलं, “जाळी नाही म्हटल्यावर तू उठून का नाही आलास?”

“लूम लागला व्हता. मी आलो असतो तं दुसरा आनला असता. तो धोटा घालता.”

मग ते म्हणाले, “तू कायच बोलली न्हाय.”

“नाही.”

“हां,” ते म्हणाले.

सोमवारी शेठचा फोन आला. व्हिडिओ बघून त्यांच्या एका व्यापारी मित्राने त्यांची थट्टा केली होती, की तुमचा लूम उपाशीपोटी चालतो. येत्या रविवारी फ्लॅट बघायला गिऱ्हाइकं येणार होती. “तुझ्या बाला सांग, धोटा घाल. न्हायतर लूम आता लागलाय, धोटा घालायला मी इथूनच दुसरा मानूस उचलतो.”

मी म्हणाले, “आधी जाळी बसेल. नंतर धोटा.”

“मॅडमला विचारलास?”

“नाही विचारलं. जाळी नसेल तर मी रविवारी दार उघडणार नाही. चावी माझ्याकडे आहे.”

माझा आवाज चढला नाही. कान तापले नाहीत. पडद्याचं माप सांगावं तसं सांगितलं. शेठ म्हणाले, “रविवारच्या आत बसव. आनि कालाकुट्ट रंग मारू नको.”

मी फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले. त्याने विचारलं, उंची किती, रुंदी किती, जाळी कुठल्या गेजची. मला एकही माप सांगता येईना. संध्याकाळी वडिलांना घेऊन परत गेले.

फॅब्रिकेशनवाल्याने त्यांच्यापुढे जाळीचा एक तुकडा टाकला, खिडकीला लावतात तसला. वडिलांनी भोकात करंगळी घालून बघितली आणि मान हलवली.

“बारीक पाहिजे.”

“काका, यापेक्षा बारीक? आत काय उंदीर पाळताय का?”

वडिलांनी करंगळी जाळीतून आरपार काढली. “धोट्याची अनी एवढी आसते,” ते म्हणाले आणि मान वर केली.

फॅब्रिकेशनवाला त्यांच्या डाव्या डोळ्याकडे बघत राहिला. मग त्याने तो तुकडा उचलला, भिंतीला टेकवून ठेवला, आणि आतून दुसरा आणायला गेला.