रोझामायची माती

आज अबोलीचं रोप लावायला तांबडी माती मुठीत घेतली आणि रोझामाय आठवली. डिचोलीला आमच्या शेजारी राहायची. ती गेली त्याला आता खूप वर्षं झाली.

तिला पेटीत ठेवलं होतं ते ठेवणीतला निळा फ्रॉक घालून, पायांत बूट आणि हातांत जपमाळ. कुठेतरी लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती. मेणबत्त्यांचा वास घरभर भरला होता. इगर्जीतली प्रार्थना संपेपर्यंत मी मागच्या बाकावर बसले. सगळे दफनभूमीकडे निघाले तशी मीही गेले, पण फाटकाशी सवयीने थांबले. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत.

तिची लेक मागे वळली. "रावलीस कित्याक गो? माती घालूंक यो."

"तुमच्यात बायका घालतात?"

"मागीर कोण घालतलो? आवय ती आमची."

आवय, म्हणजे आई. मी आत गेले. मूठभर माती सोडली. ती पेटीवर पडल्याचा आवाज अजून कानात आहे.

पुढे माझी आई गेली, तेव्हा पुरुष तिला घेऊन गेले आणि मी अंगणात उभी राहिले. आईला नाही, पण शेजारणीला मी शेवटपर्यंत पोचवून आले.