सोयऱ्यांचा प्रीॲम्प

बाबांच्या स्टिरिओचा प्रीॲम्प जळला तेव्हा त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. मोठा ॲम्प्लिफायर ठीक, स्पीकर ठीक, कॅसेट डेक तर ठणठणीत. फक्त डेकचा आवाज सावरून पुढे देणारा मधला डबा गेला आणि जानेफळच्या आमच्या घरातलं गाणंच बंद पडलं. आईला एकच कॅसेट ऐकायची होती. आमच्याच बैठकीत बाबांनी म्हटलेली भजनं मी दोन माइक लावून रेकॉर्ड केली होती, एक बाबांपुढे, दुसरा पेटीपुढे; म्हणजे कॅसेटवर डाव्या बाजूला बाबा, उजव्या बाजूला पेटी. बाबांचा आवाज म्हणून तेवढाच उरला होता.

नवा प्रीॲम्प माझ्या आवाक्यातला नव्हता. सेकंडहँड दोन सापडले. अकोल्याचा दुकानदार "या, वाजवा, मग न्या" म्हणत होता, पण त्याच्या डब्यावर नुसते ओरखडे. डोणगावच्या एका गृहस्थांकडचा मात्र फोटोत नव्यासारखा चमकत होता. मी चमकेला भुललो. तरी वाजवून पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही असं ठरवून ती कॅसेट पिशवीत टाकली. आईही सोबत निघाली.

डोणगावला पोचल्यावर आईनं त्या घरातल्या बाईंना माहेर विचारलं आणि तिथेच घात झाला. बोलता बोलता नातं निघालं. त्यांची नणंद आईच्या मावसभावाला दिलेली! "मंग तं तुमी आमचे सोयरेच झाले हो!" बाई म्हणाल्या. लगेच पोहे आले, चहा आला, माझ्या खांद्यावर मानाचा दुपट्टा पडला. गृहस्थांनी किंमतही आपणहून उतरवली.

मी चाचरत म्हणालो, "एकदा वाजवून पाह्यलं असतं तं..."

ते हसले. "आता सोयऱ्याचा माल तपासून नेता का?"

आईनं डोळे वटारले. झालं! गळ्यात दुपट्टा असताना माणूस काय डोंबल तपासणार? आमच्याकडे अशा वेळी वाजवून पाहणं म्हणजे समोरच्याला तोंडावर लबाड म्हणणं. कॅसेट पिशवीतच राहिली.

घरी येऊन डबा जोडला. पेटी वाजली, टाळ वाजले, बाबा मात्र नाहीत. डब्याची डावी बाजू मुकी होती. त्या गृहस्थांना हे ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. विचारायची सोय नव्हती आणि परत करायचा तर प्रश्नच नव्हता. अकोल्याला का गेलो नाही म्हणून मी दोन दिवस स्वतःवरच चरफडत होतो.

मग सुचलं, डेककडून येणाऱ्या वायरींची अदलाबदल केली तर बाबांचा आवाज चालू बाजूनं येईल. पेटी जाईल, तर जाऊ दे.

बाबा आले. आई पदर सावरत स्पीकरजवळ सरकली. पहिली ओळ संपली आणि मी आनंदानं तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. एरवी जिथे पेटी भरून राहायची, तिथे बाबा धापा टाकत होते. प्रत्येक ओळीनंतर. त्या रेकॉर्डिंगनंतर काही महिन्यांनी त्यांचं छातीचं दुखणं उघड झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, फार उशीर केलात.

"तवाच दम लागून राह्यला होता रे त्यायले," आई म्हणाली. "अन् मी तं समोरच बसून टाळ वाजवून राह्यली होती."